आरोग्याच्या चार गोष्टी : दाढेपेक्षा खुर्चीची भीती मोठी



आमच्या दवाखान्यासमोर कडुलिंबाचे जुने झाड आहे. त्याला पार बांधलेला आहे. रोग्याला खुर्चीत बसवून मान वर केली की खिडकीतून मला तो पार दिसतो. एका पावसाळ्यात लागोपाठ तीन आठवडे, बाजाराच्या दिवशी, एक गृहस्थ त्या पारावर येऊन बसत. गालाभोवती उपरणे गुंडाळलेले, डोळे जागरणाने तांबारलेले. अर्धा-पाऊण तास बसायचे आणि उठून चालू लागायचे. त्यांना आपण आप्पा म्हणू.

चौथ्या बाजारी आप्पा आत आले. आले ते तोंडाला दारूचा वास घेऊनच. मी विचारले तेव्हा म्हणाले, “डाक्टर, शर्यतीचा खोंड अंगावर आला तरी मी हटत न्हाई. पर ही तुमची खुर्ची बघितली की पाय लटपटत्यात. म्हून जरा घेऊन आलो.”

मी रागावलो. “पिऊन आलेल्या माणसाला मी हात लावत नाही,” असे चार माणसांदेखत सुनावून त्यांना परत पाठवले. हात लावला नाही हे बरोबरच केले; का ते पुढे सांगतो. पण सुनावले ते चुकले. माणूस आधीच घाबरलेला, त्याला मी वर लाजवले. त्यानंतर सव्वा महिना आप्पा आमच्या रस्त्याला फिरकले नाहीत. त्या सव्वा महिन्याची किंमत त्यांना किती पडली, तेही सांगणार आहे.

आज लिहायचे आहे ते या भीतीविषयी आणि ती उतरवणाऱ्या औषधांविषयी. अशी औषधे आहेत हेच पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते त्यातले काहीजण ती आपल्या मनाने घेतात. दोन्ही गोष्टी वाईट.

भीती ही लाजेची गोष्ट नाही

आप्पांच्या भीतीचे मूळ मला मागाहून कळले. नऊ-दहा वर्षांचे असताना त्यांना जत्रेतल्या दात काढणाऱ्यापुढे बसवले होते. दोघांनी हात धरले, एकाने डोके दाबले आणि हिरडी बधिर न करताच पक्कडीने दाढ ओढली. ती आठवण चाळीस वर्षे रुतून राहिली होती. खुर्ची दिसली की तोच दिवस पुन्हा उभा राहायचा.

कोणाला सुईची भीती असते, कोणाला मशीनच्या आवाजाची. कोणाला उताणे पडून तोंड उघडे ठेवले की गुदमरल्यासारखे होते. आपल्याकडे आणखी एक भीती आहे. “वरची दाढ काढली की नजर जाते,” असे घरोघरी सांगतात. ते खरे नाही. दाताची कळ मेंदूकडे नेणारा मज्जातंतू वेगळा आणि डोळ्याने दिसण्याचा मज्जातंतू वेगळा. दाढ काढल्याने नजर जात नाही. उतारवयात दाढाही पडतात आणि मोतीबिंदूही होतो. दोन्ही एका वयात येतात म्हणून लोकांनी त्यांची सांगड घातली असावी.

भीतीमुळे होते काय, तर माणूस दिवस ढकलतो. लवंग धरतो, तंबाखूची गोळी दाढेखाली ठेवतो, दुकानातून दुखणे थांबवणारी गोळी आणतो. कळ थांबली की बरे झाले असे वाटते. आत मात्र कीड दाढेच्या मुळापर्यंत पोचते आणि तिथे पू धरतो. आता नीट ध्यान द्या. पू झालेल्या जागी बधिर करणारे इंजेक्शन नेहमीसारखे चालत नाही, कारण तिथे आंबटपणा वाढलेला असतो आणि औषध मज्जातंतूत नीट शिरत नाही. म्हणजे भीतीने उशीर, उशिराने पू, पुवाने बधिरपणा अर्धवट, त्यामुळे जास्त दुखणे आणि त्यातून आणखी भीती. घाण्याच्या बैलासारखे माणूस त्याच रिंगणात फिरत राहते. हे रिंगण कुठेतरी तोडावे लागते.

आप्पांच्या बाबतीत ते फार वाईट रीतीने तुटले. एका रात्री त्यांच्या हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी लाकडासारखी कडक सूज आली. जीभ वर उचलली गेली, लाळ गिळता येईना, श्वास घोरल्यासारखा चालू झाला. घरच्यांनी जीपमध्ये घालून त्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. तिथे गळ्याखाली छेद देऊन पू काढला, ती दाढही काढली. नऊ दिवस ते तिथे होते. वाचले, हे नशीब आणि त्यांच्या पत्नीची तत्परता. खालच्या दाढेचा पू गळ्याकडे उतरला की श्वासाची वाट बंद होऊ शकते आणि माणूस दगावू शकतो. हनुवटीखाली सूज, तोंड न उघडणे, गिळता न येणे, श्वासाला त्रास, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. गरम विटेचा शेक देत बसू नका. त्याच घटकेला मोठे रुग्णालय गाठा.

तीन वेगळ्या गोष्टी

आपल्या बोलण्यात सगळ्यालाच ‘भूल’ म्हणतात. त्यामुळे घोटाळा होतो. खरे तर या तीन गोष्टी आहेत.

पहिली, जागेवर बधिर करणारे इंजेक्शन. यात दुखणे मरते, भीती मरत नाही. लिग्नोकेन हे औषध सर्वांत जास्त वापरात आहे. ते १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झाले. सुई टोचण्याआधी हिरडीला बधिर करणारा मलम लावला आणि औषध सावकाश सोडले तर टोचल्याचेही फारसे कळत नाही.

दुसरी, शामक औषध, म्हणजे मन शमवणारे. यात भीती उतरते, पण दुखणे थांबत नाही. म्हणून शामक दिले तरी बधिर करणारे इंजेक्शन द्यावेच लागते. शामक घेतलेला माणूस जागा असतो. हाक मारली तर ओ देतो, “तोंड उघडा” म्हटले तर उघडतो. श्वास त्याचा तो घेतो. फक्त छातीतली धडधड कमी होते आणि आवळलेल्या मुठी सुटतात.

तिसरी, पूर्ण भूल. यात माणूस गाढ बेशुद्ध असतो. ती रुग्णालयात, भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची. दातांच्या बहुतेक कामांना तिची गरज पडत नाही.

आज आपण बोलतो आहोत ते मधल्या गोष्टीविषयी.

हसवणाऱ्या वायूची गोष्ट

या विद्येचा आरंभ एका दंतवैद्यानेच केला. १८४४ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी गार्डनर कोल्टन नावाच्या गृहस्थाने ‘हसवणाऱ्या वायू’चा खेळ लावला होता. लोक तिकीट काढून येत, वायू हुंगत आणि झिंगल्यासारखे हसत-नाचत. त्या नादात एका तरुणाच्या पायाला चांगलीच जखम झाली. रक्त वाहत होते, पण त्याला पत्ता नव्हता. प्रेक्षकांत होरेस वेल्स हा दंतवैद्य बसला होता. त्याने हे हेरले. दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबरला, त्याने स्वतः तो वायू हुंगला आणि जॉन रिग्ज या दंतवैद्याकडून आपली दाढ उपटून घेतली. दुखले नाही.

पुढच्या वर्षी, १८४५ च्या जानेवारीत, बोस्टनच्या डॉक्टरांपुढे त्याने प्रयोग करून दाखवला. तो फसला. दाढ ओढताना रोगी ओरडला आणि जमलेल्यांनी वेल्सची टर उडवली. तो खचला आणि १८४८ साली फार दुःखात गेला. वेल्सबरोबर पूर्वी काम केलेल्या विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने १८४६ च्या ऑक्टोबरात ईथरची भूल यशस्वी करून दाखवली आणि शस्त्रक्रियेचे जग बदलले.

वेल्सचा वायू मात्र वाया गेला नाही. नायट्रस ऑक्साइड त्याचे नाव. आज तो दाढ ओढताना एकटा वापरत नाहीत. भीती उतरवण्यासाठी प्राणवायूत मिसळून देतात. नाकावर लहानसा मुखवटा ठेवतात. रोगी नाकाने श्वास घेतो, तोंड कामाला मोकळे राहते. दोन-चार मिनिटांत अंग हलके वाटते, बोटांना मुंग्या येतात, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. काम संपले की काही मिनिटे नुसता प्राणवायू देतात आणि अंमल उतरतो. लवकर चढतो, लवकर उतरतो, हा याचा मोठा गुण. नाक चोंदलेले असेल, गरोदरपणाचे पहिले तीन महिने असतील किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर आधी सांगितले पाहिजे. हे यंत्र सर्व तालुक्यांच्या गावी मिळत नाही. मोठ्या शहरांतल्या काही दवाखान्यांत आणि दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करावी.

गोळी आणि शिरेतले औषध

वायूपेक्षा साधा मार्ग म्हणजे गोळी. डायझेपाम हे औषध १९६३ पासून जगभर वापरात आहे. डॉक्टर वय, वजन, रक्तदाब आणि आजार पाहून मात्रा ठरवतात. साधारणपणे कामाच्या तासभर आधी ती घ्यायची असते. भीती फार असेल तर कधी आदल्या रात्रीही देतात, म्हणजे झोप लागते. गोळीचा दोष असा की एकदा पोटात गेली की तिचा अंमल कमी-जास्त करता येत नाही. शिवाय डायझेपाम शरीरातून फार सावकाश जाते. दुसऱ्या दिवशीही डोके जड राहू शकते.

मिडाझोलाम हे औषध शिरेतून देता येते. ते झटकन लागू होते आणि डायझेपामपेक्षा लवकर उतरते. त्याचा एक विशेष असा की खुर्चीत काय झाले ते पुष्कळांना नंतर आठवतच नाही. पण ते देताना शिकलेला माणूस, नाडी आणि रक्तातला प्राणवायू दाखवणारे बोटावरचे यंत्र, प्राणवायूची टाकी आणि श्वास मंदावला तर लागणारी तयारी हवी. या जातीच्या औषधांचा अंमल उतरवणारे फ्लुमाझेनिल नावाचे औषधही असते. “हे सगळे तुमच्याकडे आहे का?” असे विचारण्यात रोग्याचा उद्धटपणा नाही. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

दारू आणि डबीतली गोळी

आता, आप्पांना मी का परत पाठवले ते सांगतो. दारूही मेंदूला मंद करते आणि शामक औषधही. दोन्ही एकत्र आली की श्वास मंदावतो, उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. माणूस दगावण्याइतकी ही जोडी वाईट आहे. धीर यावा म्हणून घोट घेऊन येणारे पुष्कळ भेटतात. तो घोट धीर देत नाही, औषधाची वाट मात्र बंद करतो.

तीच गोष्ट घरातल्या डबीची. सासूबाईंना झोपेसाठी दिलेली गोळी सुनेने दाताला जाताना घेतली, शेजाऱ्याची गोळी मित्राने घेतली, असे होते. एकाची मात्रा दुसऱ्याला लागू पडत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून या गोळ्या विकायला कायद्याने मनाई आहे. २०१४ पासून डायझेपामसारख्या गोळ्यांची वेगळी नोंदही औषध दुकानदाराला ठेवावी लागते. ती उगाच नाही. रोज घेतल्या तर या गोळ्यांची सवय जडते आणि सोडणे जड जाते. दातासाठी एक-दोन वेळा, डॉक्टरांच्या हिशेबाने घेतल्या तर ती भीती नको.

डॉक्टरांना काय सांगायचे

पुढच्या गोष्टी आठवणीने सांगा. विचारले नाही तरी सांगा.

दमा, छातीचा जुना विकार, रात्री मोठ्याने घोरणे आणि मधेच श्वास अडकणे. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार. फिट येणे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि त्यावर चालू असलेल्या गोळ्या. गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणलेली बरी. खोकल्याचे औषध किंवा सर्दीची गुंगी आणणारी गोळी घेतली असेल तर तेही. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर तेही. फवारणी करताना अलीकडे विषबाधा झाली असेल तर तेही. आणि दारूचे खरे सांगा. डॉक्टर काही गावभर सांगत सुटत नाहीत.

साठीच्या पुढच्या माणसांना थोड्या मात्रेतही जास्त गुंगी येते आणि ती उशिरा उतरते. त्या रात्री त्यांना लघवीला उठताना कोणीतरी हात धरावा. पडून खुब्याचे हाड मोडले तर दाढ राहते बाजूला.

जाण्याआधी जेवायचे की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. शिरेतून औषध द्यायचे असेल तर साधारण सहा तास अन्न आणि दोन तास पाणीही बंद ठेवायला सांगतात. मधुमेही माणसाने उपाशी राहण्याआधी सकाळच्या गोळीचे किंवा इन्सुलिनचे काय करायचे हे स्पष्ट विचारावे.

घरी आल्यावर

शामकाची गोळी किंवा शिरेतले औषध घेतले असेल तर सोबत एक मोठे माणूस हवेच. येताना मोटारसायकल स्वतः चालवायची नाही आणि मागेही पेंगत बसायचे नाही; रिक्षा किंवा जीप करावी. तो दिवस आणि पुढची रात्र विश्रांतीची समजावी. ट्रॅक्टर नको, कडबाकुट्टीला हात नको, विहिरीवरच्या मोटरीशी खटपट नको. रात्रीची वीज आली म्हणून दारे धरायला जाऊ नका; घरातल्या दुसऱ्याला पाठवा. चूल आणि उकळते आधण बाईमाणसांनीही त्या दिवशी दुसऱ्याच्या हाती द्यावे. सोसायटीच्या किंवा जमिनीच्या कागदावर त्या दिवशी सही करू नका. मन शांत असते, पण विचार पुरता जागेवर नसतो.

गाल बधिर असेतो गरम चहा आणि चावून खायचे टाळा, नाहीतर ओठ भाजतो किंवा चावला जातो आणि कळतही नाही. गुंगी फार वाढली, हाकेला ओ देईना, श्वास मंद वाटला तर त्याला कुशीवर वळवा आणि लगेच रुग्णालयात न्या.

मुलांबाबत दोन शब्द

“गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील,” असे आपण मुलांना सहज म्हणतो. दाताची भीती तिथेच पेरली जाते. मुलाला पहिल्यांदा दवाखान्यात न्यावे ते दात दुखत नसताना, नुसते बघायला. लहान मुलाची श्वासाची वाट अरुंद असते, म्हणून शामक देणे हे त्या कामातल्या तज्ज्ञानेच करावे. आपल्या मनाने मुलाला गुंगीचे औषध पाजून आणू नका.

औषधाआधीचे औषध

प्रत्येकाला शामक लागत नाही. पुष्कळांचे काम साध्या गोष्टींनी होते. सकाळची पहिली वेळ मागून घ्या, म्हणजे दिवसभर धसका घेऊन बसावे लागत नाही. डॉक्टरांशी खूण ठरवा : डावा हात वर केला की काम थांबवायचे. हात वर केल्यावर ते खरोखर थांबतात हे एकदा कळले की निम्मी भीती जाते. काय करणार ते आधी सांगायला सांगा. पहिल्या भेटीत नुसते तपासून घ्या, काम दुसऱ्या भेटीत करा.

आता आप्पांचे राहिलेले सांगतो. दिवाळीनंतर त्यांच्या पत्नी त्यांना घेऊन आल्या. आणखी दोन दाढा किडलेल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, “डॉक्टर, ह्यांना ओरडू नका. ह्यांना भ्या वाटतं.” मी आप्पांची माफी मागितली. त्या दिवशी पक्कड हातात घेतलीच नाही. रक्तदाब पाहिला, जत्रेची हकीकत ऐकली, गोळी लिहून दिली, हाताची खूण ठरवली. पुढच्या बाजारी ते पुतण्याबरोबर जीपने आले. दाढ बधिर केली आणि त्यांच्या खोंडाविषयी बोलत काम केले. मध्ये दोनदा त्यांनी हात वर केला, दोनदा मी थांबलो. दाढ निघाल्यावर त्यांना खरे वाटेना. जीभ लावून लावून पाहत होते. दुसऱ्या दाढेच्या वेळी त्यांनी आपणहून सांगितले, “आता गोळी नको. हाताची खूण तेवढी राहू द्या.”

म्हणून सांगतो, दात दुखत असेल आणि भीती वाटत असेल तर पारावर बसून राहू नका. आत या आणि पहिल्या वाक्यातच सांगा, “मला भीती वाटते.” औषध द्यायचे की नुसत्या शब्दाने भागेल, ते पुढे ठरवता येते. आणि ते ऐकून कोणी डॉक्टर हसला किंवा रागावला, तर चूक त्याची समजा, तुमची नव्हे. दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, पण जा.